वर्गणीची पावती नको, शाळेचा हिशेब हवा!

जून महिना उजाडला आणि शाळेची घंटा वाजली की पालकसभेचे निरोप घरोघरी येऊ लागतात. सभेत आधी स्वागत होते, मग मुलांच्या प्रगतीवर चार शब्द होतात आणि शेवटी मुद्द्याची गोष्ट निघते. वर्गात पंखे नाहीत, बाक मोडले आहेत, पाण्याची टाकी गळते, भिंतींना रंग हवा आहे. तेव्हा पालकांनी 'लोकसहभाग' द्यावा! शब्द मोठा गोड आहे. लोकांनी सहभागी व्हावे, शाळा आपली मानावी, यात वाईट ते काय? परंतु सरकारी व्यवहारात या शब्दाचा अर्थ वर्षानुवर्षे आकसत गेला आणि आज तो केवळ एका पावतीपुरता उरला आहे. पालकाने पैसे दिले म्हणजे तो सहभागी झाला. त्याने प्रश्न विचारला की तो अडथळा ठरतो. पैसे देणारा पालक हवा, पण हिशेब मागणारा पालक नको, असा हा लोकसहभाग आहे. नाशिकच्या द्वारका परिसरातील शाळांच्या निमित्ताने आम्ही आज या प्रश्नाची मांडणी वाचकांपुढे करीत आहोत.

द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जेथे एकमेकांना भेटतात तो चौक. एका अंगाला भद्रकालीची जुनी दाट वस्ती, दुसऱ्या अंगाला काठे गल्ली, पलीकडे वडाळा नाका. जवळच भाभानगरात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाचे सभागृह उभे आहे. डोक्यावरून उड्डाणपूल गेला. त्यासोबत पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्गही झाला, पण वर्षानुवर्षे लोक जीव मुठीत धरून वरूनच रस्ता ओलांडत राहिले. या चौकाच्या आसपास सोसायट्या आहेत, बंगले आहेत, इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या आहेत. याच चौकाच्या आसपास हमाल, रिक्षाचालक, नाक्यावरचे मजूर आणि धुणीभांडी करणाऱ्या मायमाउल्या राहतात. त्यांची मुले महापालिकेच्या शाळेत जातात. बौद्ध, मातंग, मुस्लिम, आदिवासी, भटके-विमुक्त अशी सगळी लेकरे एका बाकावर बसतात. खऱ्या अर्थाने बहुजनांची शाळा कोणती असेल तर ती हीच!

वर्गणीने विषमता वाढते

आता साधे गणित मांडून पाहू. एका शाळेत तीनशे मुले आहेत आणि पालक बऱ्यापैकी नोकरदार आहेत. प्रत्येकाने हजार रुपये दिले तर तीन लाख रुपये जमतात. दुसऱ्या शाळेतही तीनशेच मुले आहेत, पण पालक रोजंदारीवर जगणारे आहेत. प्रत्येकाने पोटाला चिमटा घेऊन पन्नास रुपये दिले तर पंधरा हजार जमतात. म्हणजे दोन्हीकडचे पालक सारख्याच तळमळीने वर्गणी देतात, किंबहुना गरिबाच्या पन्नास रुपयांत तळमळ अधिकच असते, तरीही दोन शाळांत वीसपट अंतर पडते. पहिल्या शाळेत पंखा, संगणक आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र येते. दुसऱ्या शाळेत एका भिंतीला रंग लागतो आणि पैसे संपतात. मुलाच्या वाट्याला येणारा बाक जर त्याच्या बापाच्या खिशावर ठरणार असेल, तर जन्मावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या जुन्या व्यवस्थेत आणि या नव्या व्यवस्थेत फरक तो काय राहिला?

कोणी म्हणेल, ही वर्गणी ऐच्छिक असते. होय, कागदावर ती ऐच्छिकच असते. पण वर्गात यादी वाचली जाते तेव्हा ज्याच्या नावापुढे शून्य आहे ते लेकरू मान खाली घालते. उद्या पैसे आण, असे त्याला चारचौघांत सांगितले जाते. घरी बाप त्रागा करतो, आई शेजारणीकडे उसने मागते. चार वेळा असा अपमान झाला की मूल शाळेला दांड्या मारू लागते आणि एक दिवस त्याचे नाव 'शाळाबाह्य' या रकान्यात जाते. मग त्याच मुलाला शोधायला सरकार सर्वेक्षण काढते!

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ प्रमाणे सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला नजीकच्या शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. ज्यामुळे त्याचे प्राथमिक शिक्षण अडेल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च त्याच्यावर लादता येत नाही. कायद्याच्या भाषेत हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

याच कायद्याचे कलम २१ आमच्या पालकांनी पाठ करून ठेवले पाहिजे. या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे पंचाहत्तर टक्के सभासद पालक असतात. त्यात वंचित आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. एकूण सभासदांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत. महाराष्ट्रात या समितीचा अध्यक्ष पालकांतून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि शासनाकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा इतर कोणत्याही मार्गाने आलेल्या निधीच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही या समितीची कामे आहेत. 'इतर कोणत्याही मार्गाने' हे शब्द नीट वाचा. वर्गणी, देणगी, कंपनीची मदत, सगळे त्यात येते. म्हणजे कायद्याने पालकाला देणगीदार म्हटलेले नाही, त्याला शाळेचा राखणदार केले आहे!

प्रत्यक्षात काय घडते? अनेक ठिकाणी समिती कागदावरच असते. सभा सकाळी अकरा वाजता, कामाच्या दिवशी ठेवली जाते. नाक्यावर उभा राहणारा मजूर किंवा चार घरची भांडी घासणारी बाई त्या सभेला आली तर तिचा खाडा होतो आणि त्या दिवशी चूल पेटत नाही. मग घरी रजिस्टर पाठवून सही किंवा अंगठा घेतला जातो. महिलांचे निम्मे प्रमाण अशा अंगठ्यांनी पूर्ण होते. शिवाय या समितीत स्थानिक लोकप्रतिनिधीला जागा असते, पण मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे नाशिक महापालिकेत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, प्रशासकाची राजवट होती. त्या काळात वस्तीतल्या पालकाने शाळेच्या गळक्या छपराबद्दल दाद मागायची तरी कोणाकडे?

सरकार देते किती?

समग्र शिक्षा योजनेतून प्रत्येक सरकारी शाळेला पटसंख्येप्रमाणे वर्षाला एकत्रित शाळा अनुदान मिळते. तीस मुलांपर्यंत दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, हजारापर्यंत पंचाहत्तर हजार आणि त्यापुढे एक लाख रुपये, असा हा हिशेब आहे. शिक्षकांचे पगार आणि इमारतीचा खर्च यापेक्षा वेगळा असतो, हे खरे. पण खडू-फळ्यापासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत शाळेचा रोजचा गाडा याच रकमेवर चालवायचा आहे. तीनशे मुलांच्या शाळेला पंचाहत्तर हजार मिळाले म्हणजे एका मुलामागे वर्षाला अडीचशे रुपये झाले. नऊशे मुलांच्या शाळेलाही तेवढेच पंचाहत्तर हजार मिळतात, म्हणजे मुलामागे ८३ रुपये! यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. तीनशे मुलांच्या शाळेत ही रक्कम साडेसात हजार होते. दहा महिन्यांत वाटली तर महिन्याला साडेसातशे रुपये. तीनशे मुलांची स्वच्छतागृहे एवढ्या रकमेत महिनाभर साफ ठेवून दाखवावीत! मुलींनी शाळा का सोडली, याचे एक उत्तर या साडेसातशे रुपयांत दडलेले आहे.

म्हणून मुख्याध्यापक पालकांपुढे हात पसरतात. आम्ही शिक्षकांना दोष देत नाही. वरून पैसा अपुरा येतो आणि खालून मुले येतात, मधे तेच सापडतात. पण पालकाने यापूर्वीच पैसे भरलेले आहेत, हे कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मालमत्तेवर शिक्षण कर बसविला आहे. घरपट्टीच्या बिलात तो वेगळा छापलेला असतो. झोपडीत किंवा चाळीत भाड्याने राहणारा माणूस तो भाड्यातून भरतो. केंद्राने २००४ पासून करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लावला, २००७ मध्ये तो तीन टक्के झाला आणि २०१८ पासून प्राप्तिकरावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. शिक्षणाच्या नावाने एकदा कर घ्यायचा आणि त्याच शिक्षणासाठी पुन्हा वर्गणी मागायची, हा कोणता न्याय?

बाबासाहेबांनी १९२७ सालीच सांगितले होते

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुल्यांनी नेमके हेच दाखवून दिले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असा त्यांचा आग्रह होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करून तो आग्रह अमलात आणला.

आणि बाबासाहेब! १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले त्याच्या अवघे आठ दिवस आधी, ते मुंबई कायदे कौन्सिलमध्ये शिक्षण खात्याच्या अनुदानावर बोलले. त्यांनी आकडेच मांडले. महाविद्यालयांच्या खर्चातील ३६ टक्के, हायस्कूलच्या खर्चातील ३१ टक्के आणि माध्यमिक पूर्व शाळांच्या खर्चातील २६ टक्के रक्कम फीमधून वसूल केली जाते, हे दाखवून त्यांनी याला शिक्षणाचा व्यापार म्हटले. प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि ८२ पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात, हेही त्यांनी सभागृहाला ऐकविले. शिक्षण प्रत्येकाच्या आवाक्यात असले पाहिजे आणि जितके दिले तितके वसूल करायचे असा बाजारी हिशेब त्याला लावू नये, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. एका बाजूला पाण्याचा हक्क आणि दुसऱ्या बाजूला शाळेचा हक्क, एकाच महिन्यात, एकाच माणसाने मागितला. दोन्ही सार्वजनिक आहेत आणि दोन्ही आमच्या कराच्या पैशातून उभे राहतात, हे त्यामागचे सूत्र होते. तळे सार्वजनिक असेल तर पाणी पिण्यासाठी वेगळी वर्गणी कशाला?

मग चळवळीने वर्गणी काढली नाही का?

काही जण विचारतील, आपल्या चळवळीनेच वर्गणीतून वसतिगृहे काढली, मग आता वर्गणीला विरोध का? प्रश्न रास्त आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली आणि १९२५ मध्ये तिने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा करून मुले शिकविली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. हा सगळा इतिहास लोकांच्या घामाच्या पैशाचा आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

परंतु या वर्गणीत आणि आजच्या वर्गणीत दोन मूलभूत फरक आहेत. पहिला फरक असा की, ती वर्गणी जेथे सरकार पोहोचलेच नव्हते तेथे दार उघडण्यासाठी होती आणि दार उघडताच चळवळ सरकारकडे अनुदान मागत होती. सोलापूरच्या वसतिगृहासाठी तेथील नगरपालिकेचे साहाय्य मिळविले गेले. लोकांची वर्गणी ही सरकारला जबाबदारीत ओढण्यासाठी होती. आजची वर्गणी मात्र सरकारला जबाबदारीतून मोकळे करण्यासाठी आहे. दुसरा फरक मालकीचा. मूठभर धान्य देणारी आजी त्या संस्थेची मालकीण होती. तिची मूठ आणि पाटलाची मूठ सारखीच होती. आज रक्कम देणारा कोण, यावरून शाळेत मान ठरतो.

शासनाच्या २०२३ च्या दत्तक शाळा योजनेकडे या दृष्टीने पाहा. मोठ्या महापालिकांच्या क्षेत्रात पाच वर्षांसाठी दोन कोटी किंवा दहा वर्षांसाठी तीन कोटी, आणि ग्रामीण भागात पन्नास लाख किंवा एक कोटी मोलाची मदत करणाऱ्या देणगीदाराला शाळा दत्तक घेण्याची आणि शाळेच्या नावाला आपले नाव जोडण्याची सोय या योजनेने केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नाशिक जिल्ह्यातील एक शाळा मद्यनिर्मिती कंपनीने दत्तक घेतल्यावरून आणि तेथे झालेल्या नाचगाण्याच्या कार्यक्रमावरून राज्यभर वाद झाला. पोरके मूल दत्तक दिले जाते. आमच्या शाळा पोरक्या आहेत काय? त्यांचे मायबाप असलेले सरकार आणि पालक दोघेही जिवंत असताना त्या दत्तक देण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला?

जेथे लोक खरोखर सहभागी झाले

लोकसहभागातून काय घडू शकते, हे पाहायला दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळी नावाचा आदिवासी पाडा आहे. तेथील जिल्हा परिषदेची शाळा शिक्षक केशव गावित यांच्या प्रयत्नांतून वर्षाचे ३६५ दिवस भरते. मुले मोठमोठे पाढे घडाघडा म्हणतात, दोन्ही हातांनी लिहितात. त्या पाड्यावर पैसा नव्हता, पण विश्वास होता. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या गावकऱ्यांनी शाळेसाठी जमीन दिली, पैसा उभा केला आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी रांगा लागल्या. त्याच वाबळेवाडीत २०२१ साली देणग्यांच्या व्यवहारावरून आरोप झाले, मुख्याध्यापकांवर निलंबनाची पाळी आली, पुढे चौकशीतून ते सुटले. त्याच शिक्षकाने खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा घडविली आणि २०२५ मध्ये त्या शाळेला जागतिक पातळीवरील लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. यातून धडा असा की, लोकांचा पैसा आला की हिशेब चोख आणि उघडा हवा. नाही तर चांगले कामही संशयाच्या फेऱ्यात अडकते.

आणि दारेवाडी विसरून कसे चालेल? इगतपुरी तालुक्यातील भाम धरणाच्या विस्थापितांची ही वस्ती. तेथील शाळा बंद झाली तेव्हा २०२२ साली मुले शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आली. शाळा देत नसाल तर दप्तरे घ्या आणि शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. पुढे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा घाट राज्यभर घातला गेला. अशा शाळा १४ हजार ७८३ आणि त्यांतील मुले १ लाख ८५ हजार असल्याचे तेव्हा सांगितले गेले. दारेवाडीच्या पालकांनी पावती फाडली नव्हती, त्यांनी रस्त्यावर येऊन शाळा मागितली. आमच्या मते लोकसहभागाचा तो सर्वोत्तम नमुना होता!

अमेरिकेचा अनुभव

पालकांच्या वर्गणीने शाळांचे काय होते, हे अमेरिकेने शंभर वर्षे अनुभवले आहे. तेथे पालक-शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १८९७ साली सुरू झाली. पण दक्षिणेकडील राज्यांत काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. म्हणून अटलांटा शहरात सेलिना स्लोन बटलर या महिलेने पुढाकार घेऊन १९२६ साली काळ्या पालकांची वेगळी राष्ट्रीय संघटना उभारली. दोन्ही संघटना एक व्हायला १९७० साल उजाडावे लागले. तेथील शाळांचा पैसा मोठ्या प्रमाणात स्थानिक घरपट्टीतून येतो. त्यामुळे श्रीमंत उपनगराची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची शाळा गरीब राहते. टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या गरीब मेक्सिकन वंशाच्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. त्यावर पालकांच्या देणग्यांची भर पडली की दरी आणखी रुंदावते. पोर्टलंड शहराने त्यावर एक उपाय काढला होता. शाळेने जमविलेले पहिले दहा हजार डॉलर सोडून त्यावरच्या रकमेचा तिसरा हिस्सा सामाईक निधीत जायचा आणि तो गरजू शाळांना मिळायचा. उपाय अपुरा होता, पण त्यामागचा विचार आमच्या महापालिकेने घेण्यासारखा आहे.

शिकलेला वर्ग कोठे गेला?

आता थोडे कडू बोलावे लागेल. आज समाजात जे शिक्षक, अभियंते, बँकेतले अधिकारी, वकील दिसतात, त्यांतील कितीतरी जण नगरपालिकेच्या नाही तर जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकले. नोकरी लागली, वस्ती सुटली आणि मुले इंग्रजी शाळेत गेली. आपल्या लेकराला चांगले मिळावे असे वाटणे हा गुन्हा नाही. पण त्यांच्यासोबत सरकारी शाळेतून वाचता-लिहिता येणारा, अर्ज करू शकणारा, साहेबासमोर न घाबरता बोलणारा पालकही निघून गेला. मागे राहिला तो पालक ज्याला परिपत्रक वाचता येत नाही आणि ज्याचा खाडा परवडत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा दात असा पडला! जयंतीच्या व्यासपीठावर शिक्षणाचे महत्त्व सांगणाऱ्यांनी वर्षातून चार वेळा आपल्या जुन्या शाळेच्या दारात उभे राहावे, एवढी अपेक्षा जास्त आहे काय?

समिती जागी असली तर काय होते, याचे ताजे उदाहरण गणवेशाचे आहे. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापडाची खरेदी वरून झाली, समित्यांचा अधिकार काढून घेतला गेला. परिणामी १५ ऑगस्टच्या झेंडावंदनालाही असंख्य मुलांच्या अंगावर नवा गणवेश नव्हता. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाला निर्णय फिरवावा लागला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. वस्तीतल्या आईला आपल्या लेकराचे माप मंत्रालयापेक्षा जास्त कळते, हे यातून सिद्ध झाले.

आता करायचे काय?

समाजबांधवांनो, १४ एप्रिलची जयंती आपण कशी साजरी करतो ते आठवा. पावतीपुस्तके छापली जातात, घरोघर फिरून वर्गणी जमते, रुपयान् रुपयाचा जमाखर्च फळ्यावर लागतो आणि एखाद्या आकड्यात फरक पडला तर भर सभेत जाब विचारला जातो. हे शिस्तीचे शिक्षण आपल्याजवळ आहे. तीच शिस्त शाळेच्या दारात न्यायची आहे, पण पैसे गोळा करण्यासाठी नव्हे, तर पैशांचा जाब विचारण्यासाठी!

पहिली गोष्ट, द्वारका परिसरातील प्रत्येक मंडळाने आणि महिला मंडळाने आपल्या वस्तीतील शाळेच्या व्यवस्थापन समितीत कोण आहे, याची माहिती काढावी. ती शाळेच्या दर्शनी फळ्यावर लावायला सांगावे. न दिल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच.

दुसरी गोष्ट, समितीची सभा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घ्यावी, असा ठराव करावा. कष्टकरी आईला येता येईल अशी वेळ ठेवली नाही तर निम्म्या महिलांची अट हा निव्वळ देखावा राहतो.

तिसरी गोष्ट, आलेले अनुदान, झालेला खर्च आणि मिळालेली प्रत्येक देणगी दर तिमाहीला फळ्यावर लागली पाहिजे. कोणत्या मुलाच्या पालकाने किती दिले, ही यादी मात्र कधीही लागता कामा नये आणि वर्गात वाचली जाता कामा नये.

चौथी गोष्ट, ज्या वस्तू देणे सरकारचे कर्तव्य आहे, म्हणजे पाणी, स्वच्छतागृह, बाक, शिक्षक, त्यासाठी पालकांची वर्गणी घेऊ नये. त्या वस्तू शाळा विकास आराखड्यात लेखी घालून महापालिकेकडे मागाव्यात आणि पाठपुरावा करावा. ज्याला स्वेच्छेने काही द्यायचे आहे त्याने पुस्तके द्यावीत, सहलीचा खर्च उचलावा. मोठ्या देणग्यांचा ठरावीक हिस्सा महापालिकेने सामाईक निधीत घेऊन सर्वांत कमकुवत शाळांना द्यावा.

पाचवी गोष्ट, पैशांपेक्षा वेळ द्यावा. बुद्धविहारात संध्याकाळी अभ्यासिका चालवावी. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातून दोन दिवस चौथीच्या मुलांना वाचन आणि गणित शिकवावे. शाळा सुटताना चौकात दोन माणसे उभी राहिली तर लेकरे सुखरूप रस्ता ओलांडतील. यासाठी पावतीपुस्तक लागत नाही.

याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी आमची माणसे उभी राहिली. दादासाहेब गायकवाडांनी तो लढा वर्षानुवर्षे नेटाने चालविला. पण त्या लढ्याने काही मंदिरात जाऊन पोट भरणार नव्हते, हे बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. प्रश्न माणूस म्हणून मिळणाऱ्या हक्काचा होता. आज तोच प्रश्न महापालिकेच्या शाळेच्या दारात उभा आहे. त्या दाराला कुलूप नाही, तेथे कोणी अडवीत नाही. आत गेल्यावर मात्र लेकराच्या हाती वर्गणीची चिठ्ठी पडते. ती चिठ्ठी घरी आली की पैसे मोजण्यापूर्वी पालकाने एवढेच विचारावे, गेल्या वर्षीच्या पंचाहत्तर हजारांचा हिशेब कोठे लावला आहे? हा प्रश्न जेव्हा वस्तीतली प्रत्येक आई विचारू लागेल, तेव्हा खरा लोकसहभाग सुरू होईल. पुढच्या पालकसभेला चार जणांनी मिळून जा, रजिस्टर वाचून मगच सही करा.

जयभीम!